‘७६. आर. ७. ११२.’ : जर्मन संगिनींवरचे ठसे वाचताना

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक जुनी जर्मन संगीन ठेवली आहे. पातं साधारण ३७ सेंटिमीटर लांब, मुठीकडे अरुंद आणि टोकाकडे रुंद होत गेलेलं. याच आकारामुळे संग्राहक तिला ‘खाटकाची सुरी’ म्हणतात. तिचं अधिकृत नाव एस ९८/०५. पात्याच्या पाठीवर एक छोटा मुकुट, त्याखाली डब्ल्यू हे अक्षर, त्याखाली १५. मुठीलगतच्या सपाट भागावर कारखान्याचं नाव. आणि मूठ व पातं जिथे मिळतात तिथल्या आडव्या पट्टीवर बारीक अक्षरांत एक ठसा : ७६. आर. ७. ११२. (ही संगीन मी उदाहरणासाठी रचली आहे, पण ठशाची धाटणी खरी आहे.)

संग्राहकांसाठी केलेला कुठलाही ओळखतक्ता उघडा, पाच मिनिटांत या ठशाची फोड होते. ७६ म्हणजे ७६ वी पायदळ रेजिमेंट. ‘आर’ म्हणजे पायदळाची रेजिमेंट. ७ म्हणजे सातवी कंपनी. ११२ म्हणजे त्या कंपनीच्या यादीतलं ११२ नंबरचं हत्यार. मुकुटाखालचा डब्ल्यू म्हणजे सम्राट विल्हेल्म दुसरा, १५ म्हणजे १९१५. ७६ वी रेजिमेंट हॅम्बुर्गची. झालं! मग विक्रीच्या यादीत किंवा एखाद्या छोट्या संग्रहालयाच्या पाटीवर वाक्य येतं : ‘पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर लढलेल्या हॅम्बुर्गच्या सैनिकाची संगीन.’

मला बोलायचंय ते या शेवटच्या वाक्याबद्दल. त्याच्या आधीची सगळी फोड बरोबर असू शकते आणि तरीही या वाक्याला आधार नसू शकतो. ओळखतक्ता नावाचा जो लेखनप्रकार आहे, तो नेमकी हीच फट झाकून टाकतो. वस्तूंवर संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कधी ना कधी असा एखादा तक्ता येतो, मग ती नाणी असोत, भांडी असोत की हत्यारं. म्हणून हा प्रकार जरा नीट तपासायला हवा.

आधी ठसे मारायचे कशासाठी ते बघू. प्रशियाच्या युद्धमंत्रालयाने हत्यारांवर ठसे कसे मारायचे याचे नियम १८७७ मध्ये काढले आणि १९०९ मध्ये पुन्हा नव्याने काढले. कोणत्या तुकडीसाठी कोणतं अक्षर, हे त्यात ठरवून दिलेलं होतं. उभं रोमन अक्षर आणि लेखणीने काढल्यासारखं तिरकं अक्षर यांतही फरक केलेला होता. यामागचा हेतू अगदी कारकुनी आहे. हत्यार सरकारी मालकीचं, ते कोणत्या कंपनीच्या ताब्यात दिलंय हे कळलं पाहिजे, आणि तपासणीच्या दिवशी आकडा जुळला पाहिजे. कॉलेजातल्या बाकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ‘भौ. वि. / ४५’ असं लिहिलेलं असतं ना, तसंच. तो डेडस्टॉक रजिस्टरचा नंबर. त्या नंबरावरून बाक भौतिकशास्त्र विभागाच्या खात्यावर होता एवढं कळतं. त्यावर कोण बसलं, कोणी कर्कटकाने नाव कोरलं, आणि गॅदरिंगच्या वेळी तो बाक उचलून हॉलमध्ये कोणी नेला, हे कळत नाही. संगिनीवरचा ठसा हा सैन्याचा डेडस्टॉक नंबर आहे. एवढं पक्कं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

आता ठशाचं व्याकरण. तक्ता जिथे थांबतो तिथून पुढे थोडं गेलं, तर ठशाच्या आतच काही तपासण्या करता येतात आणि त्या फार उपयोगी आहेत. १९१४ मध्ये जर्मन साम्राज्याच्या पायदळ रेजिमेंटांची सलग क्रमवारी १ ते १८२ अशी होती. सॅक्सनी आणि वुर्टेम्बर्ग यांच्या रेजिमेंटा याच क्रमवारीत बसवलेल्या होत्या; उदाहरणार्थ ११९ ते १२७ या वुर्टेम्बर्गच्या. बव्हेरिया मात्र यात नव्हता. त्याची स्वतःची लाइफ रेजिमेंट आणि १ ते २३ अशी वेगळी मालिका होती, म्हणून बव्हेरियाच्या ठशात आरंभी ‘बी’ लागतो. प्रशियाच्या गार्ड रेजिमेंटांचीही मालिका निराळी, तिथे ‘जी’. म्हणजे नुसता ‘१२’ हा आकडा काहीच सांगत नाही, त्याच्या मागेपुढे काय आहे ते महत्त्वाचं. रेजिमेंटच्या तीन बटालियन, प्रत्येकीत चार कंपन्या, म्हणून पायदळाच्या कंपन्या १ ते १२. सातवी कंपनी म्हणजे दुसरी बटालियन. कंपनीच्या जागी १५ किंवा २० असा आकडा दिसला, तर एकतर तो आकडा कंपनीचा नाही, किंवा ठसा वेगळ्याच पद्धतीचा आहे, किंवा कोणीतरी घरी बसून मारलेला आहे. युद्धकाळात कंपनीची ताकद अडीचशेच्या आसपास असायची, त्यामुळे ११२ हा आकडा सहज बसतो. तिथे ९०० असता तर थांबून विचार करावा लागला असता.

आपली ७६. आर. ७. ११२. या सगळ्या तपासण्यांतून सुखरूप बाहेर पडते. पण हे यश किती हलकं आहे ते बघा. १ ते १८२ मधला कोणताही आकडा, १ ते १२ मधला कोणताही आकडा आणि अडीचशेच्या आतला कोणताही आकडा घेतला तरी हे साधतं. तपासणीत ठसा नापास झाला तर आपल्याला बरंच कळतं. पास झाला तर फारच थोडं कळतं. हा फरक व्हायवात विचारला जातो, आणि विचारायलाच हवा.

खरी मजा अक्षरांत आहे. ‘जे’ हे अक्षर घ्या. सम्राटाच्या काळातल्या ठशात ‘जे’ म्हणजे येगर, म्हणजे हलक्या पायदळाच्या, मूळच्या शिकारी-बंदूकधारी बटालियन. पायदळाला तेव्हा ‘आर’ होतं. महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणलं, राइखस्वेअर नावाचं नवं छोटं सैन्य उभं राहिलं आणि ठशांची पद्धत बदलली. नव्या ठशांत ‘जे. आर.’ म्हणजे इन्फन्ट्री रेजिमेंट. जर्मन लिपीत मोठा ‘आय’ आणि ‘जे’ यांच्यात तेव्हा काटेकोर भेद करत नसत, त्यामुळे ‘जे’ आला. म्हणजे तेच अक्षर, बऱ्याचदा तीच जुनी संगीन (कारण नव्या सैन्याने जुनाच माल वापरला) आणि अर्थ साफ वेगळा. राइखस्वेअरच्या पायदळ रेजिमेंटा फक्त २१ होत्या, त्यामुळे ‘जे. आर.’ पुढे ५० दिसला तर काहीतरी गडबड आहे. एवढ्यावर भागत नाही. त्याच काळात पोलिसांनीही या संगिनी घेतल्या, त्यांच्या ठशांत ‘एस’ येतो, तो शुट्झपोलिझाईचा. साम्राज्यकाळाचा तक्ता घेऊन बसलेल्या माणसाला हा ‘एस’ कुठेच सापडत नाही, आणि मग तो कल्पना लढवायला लागतो.

पाठीवरच्या मुकुटाखालचं अक्षर तर याहून गमतीचं. डब्ल्यू म्हणजे विल्हेल्म, बरोबर. पण कोणता? प्रशियाचा राजा आणि जर्मन सम्राट विल्हेल्म दुसरा होताच. १८९१ ते १९१८ या काळात वुर्टेम्बर्गच्या गादीवरही विल्हेल्म दुसराच होता. दोन राज्यं, दोन राजे, एकच नाव, एकच क्रमांक. माउझरचा प्रसिद्ध कारखाना ओबर्नडॉर्फचा, आणि ओबर्नडॉर्फ वुर्टेम्बर्गमध्ये. त्या कारखान्याच्या पात्यावर डब्ल्यू दिसला तर नुसत्या अक्षरावरून हा विल्हेल्म कोणता ते ठरवता येत नाही. बव्हेरियाचा ‘एल’ असाच. १९१२ पर्यंत तो राजप्रतिनिधी लुइटपोल्ड, त्यानंतर लुडविग तिसरा. इथे निदान खालचं साल मदतीला येतं. ‘के’ पात्याच्या पाठीवर असेल आणि पातं १८९१ च्या आधीचं असेल, तर तो वुर्टेम्बर्गचा राजा कार्ल असू शकतो. तोच ‘के’ आडव्या पट्टीवर असेल तर कुइरासियर घोडदळ. म्हणजे अक्षराचा अर्थ अक्षरात कमी आणि अक्षराच्या जागेत जास्त. मोडी वाचायला शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. एकच वळण कोणत्या शब्दात आलंय ते बघूनच वाचावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, मग तक्ता आणखी मोठा करा, प्रत्येक अक्षरापुढे काळ आणि जागा लिहा. बरोबर, आणि चांगल्या ग्रंथांनी ते बरंचसं केलंही आहे. इथे न्यायाने एक सांगायला हवं. हे काम विद्यापीठांनी केलेलं नाही. लष्करी इतिहासाच्या विभागांना रणनीती आणि राजकारण यांतच रस होता, हातातल्या हत्यारावरची पाच अक्षरं कोणी बघत नव्हतं. जेफ नॉल यांनी साम्राज्यकाळातल्या रेजिमेंट-ठशांवर स्वतंत्र पुस्तक केलं, अँथनी कार्टर यांनी जर्मन संगिनींवर एकाहून अधिक खंड लिहिले. ही संग्राहकांच्या जगातून आलेली माणसं. नियमपुस्तिका आणि शेकडो हत्यारं समोरासमोर ठेवण्याची चिकाटी तिथे होती. ‘हौशी’ म्हणून नाक मुरडणाऱ्या पीएचडीवाल्यांनी आधी एवढं करून दाखवावं.

तरीही माझी तक्रार आहे, आणि ती या ग्रंथांच्या चुकांबद्दल नाही. ती त्यांच्या घडणीबद्दल आहे. तक्ता एका ओळीत संक्षेप देतो आणि समोर त्याचा अर्थ. हा अर्थ कुठून आला, हे दोन रकान्यांत मावत नाही. काही अर्थ थेट नियमपुस्तिकेतून आलेले असतात. काही अशा हत्यारांवरून आलेले असतात ज्यांचा इतिहास कागदोपत्री माहीत आहे. आणि काही निव्वळ तर्काने लावलेले असतात : अक्षरं जुळतात, दुसरं काही सुचत नाही, म्हणून. हे तीन प्रकार छापल्यावर सारखेच दिसतात. मग वर्तुळ सुरू होतं. तर्काने लावलेला अर्थ तक्त्यात गेला. पुढच्या माणसाला तोच ठसा असलेली संगीन मिळाली, त्याने तक्ता बघून ती ओळखली. मग ती ओळखलेली संगीन त्या अर्थाचा ‘आणखी एक पुरावा’ झाली. संगिनी दहा झाल्या, पुरावा मात्र वाढला नाही.

‘के. एस.’ या दोन अक्षरांचं उदाहरण घेऊ. संग्राहक हा ठसा बहुधा ‘काइझरलिख शुट्झट्रुप्पे’, म्हणजे वसाहतींमधलं सम्राटाचं संरक्षक दल, असा वाचतात. त्या दलासाठी याहून स्पष्ट ठसेही आहेत. नैर्ऋत्य आफ्रिकेसाठीच्या ठशात प्रदेशाच्या नावाचीच आद्याक्षरं येतात. पण दोन अक्षरांच्या संक्षेपात कितीतरी जर्मन शब्दजोड्या बसू शकतात. प्रश्न किमतीपुरता असता तर सोडून दिलं असतं. आजच्या नामिबियात, तेव्हाच्या जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा संहार याच दलाने केला. २०२१ मध्ये जर्मन सरकारने त्याला वंशसंहार म्हटलं. अशा इतिहासाच्या प्रदर्शनात ‘के. एस.’ची संगीन ठेवायची, तर त्या दोन अक्षरांचा अर्थ कशावर उभा आहे हे सांगता आलं पाहिजे. पात्याच्या पाठीवर १९१० नंतरचं साल असेल, तर ती संगीन त्या संहारात नव्हती, ठसा काहीही म्हणो. आणि साल जुनं असेल, तरी ‘ती तिथे असू शकते’ यापुढे जाता येत नाही. खऱ्या अत्याचाराच्या पुराव्यात एक लटपटता दुवा घातला, तर विरोधक त्या दुव्यालाच धरून बसतात.

याला बनावटीची जोड द्या. एस ९८/०५ ही संगीन प्रचंड संख्येने बनली. बिनठशाची संगीन बाजारात सर्रास मिळते. चांगला, दुर्मीळ ठसा असेल तर तिचा भाव चढतो. अक्षरांचे पोलादी पंच कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. आणि कोणता ठसा मारावा हे शिकायला पुस्तक आहेच. तक्ता जितका अचूक, तितका बनावट ठसा तपासणीत पास होणार. आपल्याकडे ताम्रपटांच्या अभ्यासात हा प्रश्न जुना आहे. जमिनीच्या हक्कासाठी बनावट ताम्रपट तयार झाले आणि अभ्यासकांनी ते लिपीच्या वळणावरून आणि कालगणनेच्या चुकांवरून पकडले. पण तिथे बनावट करणाऱ्याला जुन्या लिपीचं चांगलं पुस्तक उपलब्ध नव्हतं. इथे आहे.

त्यामुळे मजकुरापेक्षा धातू वाचावा लागतो. ठसा एकेक अक्षर हाताने ठोकून मारलेला असतो, म्हणून अक्षरं थोडी वरखाली आणि कमीजास्त खोल असतात. ठोकताना धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या कडेला बारीक उंचवटा येतो. वर्षानुवर्षं हाताळून, घासून, तेल लावून तो उंचवटा झिजतो. पट्टीची बाकीची कड गुळगुळीत झालेली आणि अक्षरांचे काठ मात्र बोटाला टोचतायत, तर शंका घ्यावी. गंजाचे खड्डे पट्टीवर आहेत. ते अक्षराच्या आतही आहेत का, की अक्षर खड्ड्याला छेदून गेलंय? खड्डा आधीचा असेल तर ठसा नंतरचा. यासाठी साधं भिंग आणि तिरपा प्रकाश पुरतो. फोटोवरून हे ठरवू नका. एका बाजूने पडलेल्या फ्लॅशमध्ये नवा ठसाही शंभर वर्षांचा दिसू शकतो.

करवतीच्या दातांची पाती हे अशा धातुवाचनाचं उत्तम उदाहरण. काही एस ९८/०५ पात्यांच्या पाठीवर लाकूड कापायला करवतीचे दात होते. शत्रूपक्षाने त्यांचा क्रूर हत्यार म्हणून गवगवा केला आणि युद्धाच्या उत्तरार्धात कित्येक पात्यांचे दात घासून काढण्यात आले. अशा पात्याची पाठ आजही बाकीच्यांपेक्षा बारीक दिसते. आडव्या पट्टीवरच्या ठशाला या फेरबदलाचा पत्ताही नसतो. म्हणजे संगिनीच्या आयुष्यातली एक मोठी घटना ठशात नाही, घासलेल्या पोलादात आहे.

आता आपल्या पाटीवरच्या वाक्याकडे येऊ. ठसा खरा आहे असं धरून चाला. ७६ वी रेजिमेंट हॅम्बुर्गची आणि ती पश्चिम आघाडीवर लढली, हेही खरं. मग ‘पश्चिम आघाडीवर लढलेल्या सैनिकाची संगीन’ म्हणायला काय हरकत?

हरकत अशी की मधे पाच-सहा दारं आहेत आणि प्रत्येक दार बंद असू शकतं. रेजिमेंट आघाडीवर असताना तिची बदली बटालियन मागे, गावाकडच्या छावणीत नव्या भरतीला शिकवत असे. १९१५ चं पातं छावणीतच राहिलं असेल. ७६ हाच आकडा असलेल्या राखीव आणि लांडवेअर रेजिमेंटाही होत्या, आणि युद्धाच्या धबडग्यात ठसे नियमाबरहुकूम पडलेच असतील असं नाही. उलट युद्धकाळात बनलेल्या कित्येक एस ९८/०५ संगिनींवर तुकडीचा ठसा मुळीच नसतो. म्हणून १९१५ च्या पात्यावर शांतताकाळाइतका नीटनेटका, पूर्ण ठसा दिसला, की आनंद होण्याआधी थोडं थबकावं. हत्यारं एका तुकडीकडून दुसरीकडे जात. तेव्हा कधी जुना ठसा रेघ मारून खोडला जाई, कधी तसाच राही. म्यानावर वेगळाच ठसा असणं तर नेहमीचं, आणि विक्रेत्याने दोन्ही ‘जुळवून’ आणलेलं असणंही नेहमीचं. युद्धानंतर माल वाटला गेला, पोलिसांकडे गेला, दुसऱ्या देशांच्या सैन्यांत गेला. तुर्कस्तानात जर्मन संगिनी कापून आखूड केल्या गेल्या आणि त्यांवर तिथले ठसे पडले. (मेसोपोटेमियात मराठा पलटणी ज्या ऑटोमन फौजेशी लढल्या तिच्याकडेही ओबर्नडॉर्फच्या माउझर बंदुका होत्या. आपल्याकडच्या एखाद्या फौजी घराण्याच्या पेटीतून जर्मन दिसणारी संगीन निघाली, तर रोमन अक्षरं शोधण्याआधी अरबी लिपीतली शोधा.)

आणि ११२? तो सैनिकाचा क्रमांक नाही, हत्याराचा आहे. सातव्या कंपनीतल्या ११२ नंबरच्या संगिनीशी कोणाचं नाव जोडायचं, तर त्या कंपनीची हत्यारवाटपाची यादी हवी. ती हातात नसताना ‘आमच्या पणजोबांची’ असं लिहिणं ही घरातली आठवण झाली, ठशाचा निष्कर्ष नाही. आठवणीला मोल आहेच. फक्त तिची नोंद आठवण म्हणून व्हावी.

हॅम्बुर्गमध्ये ७६ हा आकडा तसा साधा नाही. डामटोर स्टेशनजवळ या रेजिमेंटचं एक स्मारक आहे, नाझी राजवटीत १९३६ मध्ये उभारलेलं, शिल्पकार रिखार्ड कुओल. दगडी ठोकळ्याभोवती एका ठेक्यात चालणारे सैनिक. युद्धाचं गौरवीकरण म्हणून त्याला अनेक वर्षं विरोध झाला आणि १९८० च्या दशकात त्याच्याच शेजारी अल्फ्रेड ह्रडलिच्का यांनी युद्धाच्या भयाण बाजूचं प्रतिस्मारक उभं करायला घेतलं, जे अपुरं राहिलं. ज्या शहरात एका रेजिमेंटच्या आठवणीवरून दगडांची अशी वादावादी झाली, तिथे ‘७६ च्या सैनिकाची संगीन’ ही पाटी कुणाच्या ना कुणाच्या बाजूने बोलते. म्हणून ती सैल असून चालत नाही.

‘मग कागद बघा ना,’ असं तुमचे गाइड म्हणतील. इथेच खरी अडचण आहे, आणि माझ्या मते या विषयातला सर्वात महत्त्वाचा संशोधनप्रश्नही. प्रशियाच्या सैन्याची दफ्तरं पॉट्सडॅमच्या लष्करी अभिलेखागारात होती आणि एप्रिल १९४५ मधल्या बाँबहल्ल्यात ती बहुतांशी जळाली. म्हणजे साम्राज्यातल्या सर्वात मोठ्या सैन्याबाबत कागद गेला आणि लोखंड उरलं. ठशांना इतकं महत्त्व येण्याचं एक कारण हेच. आणि ठसा पडताळायची सोय जिथे सर्वात कमी आहे तिथेच त्याच्यावर सर्वात जास्त भार टाकला जातो, हेही त्यामुळेच.

बव्हेरियाचं तसं नाही. तिथलं युद्धमंत्रालय वेगळं, दफ्तर वेगळं, आणि ते म्युनिकमध्ये मोठ्या प्रमाणावर टिकलं. सैनिकांचे हजेरीपटसुद्धा. ज्याला या विषयात खरोखर काही करायचंय, त्याने प्रशियाचा मोह सोडून ‘बी’ने सुरू होणाऱ्या ठशांपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. ठसा काय म्हणतो आणि कागद काय म्हणतो, हे जिथे शेजारीशेजारी ठेवता येतं, तिथे आधी बघावं की ठशावरून काढलेले अंदाज कितपत खरे ठरतात. किती संगिनी ठशातल्या तुकडीकडेच राहिल्या? नियम कधी पाळले गेले, कधी सैल पडले? ही मोजणी झाली तर प्रशियाच्या ठशावर किती भरवसा ठेवायचा याचा निदान अंदाज येईल. ‘जर्मन संगिनींवरील ठशांचा अभ्यास’ या शीर्षकाच्या सिनॉप्सिसपेक्षा हा प्रश्न कितीतरी लहान आहे, आणि म्हणूनच तो तीन-चार वर्षांत सुटू शकतो.

दुसरी वाट संग्रहालयांच्या दाखलनोंदींची. लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम १९१७ मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच सुरू झालं. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यानेही त्याच वर्षी युद्धनोंदींचा स्वतंत्र विभाग काढला आणि जिंकून आणलेल्या वस्तू पद्धतशीर गोळा केल्या. अशा संग्रहात युद्धकाळात किंवा लगेच नंतर दाखल झालेल्या संगिनीचे दोन मोठे गुण. एक, तेव्हा ठशाला बाजारभाव नव्हता, म्हणून बनावट ठसा मारायचं कोणाला कारण नव्हतं. दोन, वस्तू कुठे हाती लागली याची नोंद असेल, तर ती ठशापासून स्वतंत्र असते. ठसा म्हणतो सातवी कंपनी, नोंद म्हणते अमुक गाव, आणि ती रेजिमेंट त्या महिन्यात त्या गावाजवळ होती की नाही हे तिसरीकडून कळतं. तीन साक्षीदार, एकमेकांना न भेटलेले. १९७० नंतर लिलावातून आलेल्या संगिनीकडे हे कधीच नसतं, मग तिचा ठसा कितीही देखणा असो.

तोपर्यंत आपल्या टेबलावरच्या संगिनीची नोंद मी अशी लिहीन : ‘संगीन एस ९८/०५. पात्याच्या पाठीवर मुकुट, डब्ल्यू, १५. पातं १९१५ मध्ये स्वीकारलेलं, प्रशिया किंवा वुर्टेम्बर्ग, अक्षरावरून ठरत नाही. आडव्या पट्टीवर ७६. आर. ७. ११२.; रचना १९०९ च्या नियमांशी सुसंगत, तसा अर्थ घेतल्यास ७६ व्या पायदळ रेजिमेंटच्या सातव्या कंपनीच्या खात्यावरचं हत्यार, काळ १९१५ किंवा नंतर. ठशाची झीज पट्टीच्या झिजेशी जुळते का : भिंगाखाली तपासणी बाकी. म्यानावर ठसा नाही, म्यान मूळचं असल्याचा पुरावा नाही. पूर्वीचा मालक आणि प्राप्तीचं ठिकाण : नोंद नाही.’